पाठीवरचा लाइन बॉक्स

जगाची फेरी मारायला निघालेला सगळ्यात फेमस हीरो आपल्या खानदेशातून गेला होता, हे माहितेय तुम्हाला? ज्यूल व्हर्नच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मधला फिलियस फॉग! साल १८७२. मुंबईहून कलकत्त्याकडे निघालेली त्याची गाडी नाशिक मागे टाकते, खानदेशच्या सपाट शेतांमधून धावते आणि दुपारी बऱ्हाणपूरला थांबते. आता मुंबई-बऱ्हाणपूरचे रूळ भुसावळवरूनच जातात. म्हणजे साहेबांनी आमच्या गावावरून नक्की एक चक्कर मारलेली आहे!

आणि साहेबांचं सामान किती? एक छोटी बॅग. तिच्यात त्याचे आणि नोकराचे प्रत्येकी दोन शर्ट आणि तीन जोड मोजे. बाकी लागेल ते वाटेत विकत घेऊ, असा फंडा. एकदम कूल वाटतं ना? पण थांबा. त्याच बॅगेत वीस हजार पाउंडांच्या नोटाही होत्या. खिसा एवढा जड असेल तर बॅग हलकी ठेवायला काय जातंय, बॉस!

आपलं तसं नसतं. आपल्याकडे बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या बॅगेत अर्धं घर असतं आणि त्याला कारण आहे. पूर्वी परदेशी जाणाऱ्याला परकीय चलन मोजून मिळायचं. तिकडे एक वेळचं जेवण विकत घेणंही जिवावर यायचं. मग डाळ, मसाला, प्रेशर कुकर हे सगळं इथूनच न्यावं लागे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तो सरळसरळ हिशोब होता. आज खिशात कार्ड आहे, पण सवय काही गेलेली नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझी शाळेपासूनची मैत्रीण. पुण्यात आयटीमध्ये सहा वर्षं काढल्यावर तिने नोकरीचा राजीनामा दिला आणि आता नोव्हेंबरात ती आठ महिन्यांच्या वर्ल्ड टूरला निघतेय. एकटी! व्हिएतनाम, न्यूझीलंड, पेरू, स्पेन, केनिया आणि परत घर. दसऱ्याला मी भुसावळला गेले, तेव्हा तिच्या घरी ट्रायल पॅकिंग चालू होतं. हॉलभर सामान पसरलेलं. तीन जीन्स, हेअर ड्रायर, दोन पुस्तकं, आणि एका कोपऱ्यात काकूंचा वेगळा ढीग. बिबड्या, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, केळ्याचे वेफर्स. सगळं भरून साठ लिटरची सॅक काट्याला लटकवली, तर काटा सोळा किलोंवर!

सोफ्यावर काका पेपर वाचत होते. काका म्हणजे रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या कॉलनीत अजून गार्डसाहेबच.) पेपर खाली ठेवून त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. “लाइन बॉक्स आठवतो का गं?”

रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कुणालाही तो आठवतो. गार्ड आणि ड्रायव्हर ड्यूटीवर निघाले की ती पत्र्याची पेटी त्यांच्यासोबत गाडीत चढायची. आता तिच्या जागी ट्रॉली बॅग येऊ लागल्यात. काकांनी बोटांवर यादी मोजली. लाल झेंड्या दोन, हिरवी एक, हातदिवा, शिट्टी, रूल बुक, टाइम टेबल, प्रथमोपचाराचं सामान, डिटोनेटरचा डबा. (डिटोनेटर म्हणजे रुळावर लावायचे फटाके. मागून येणाऱ्या गाडीचं चाक त्यावर आलं की धमाका होतो आणि पुढे धोका आहे हे ड्रायव्हरला कळतं.) आणि चष्मा असेल, तर जास्तीचा एक चष्मा. तो नियमच!

“यात हौसेची एक तरी वस्तू आहे का?” काका म्हणाले. “गाडी नीट चालली तर यातलं निम्मं बाहेर निघतच नाही. पण गाडी मध्येच उभी राहिली, तर यातलं एकही विसरून चालत नाही.”

सो फ्रेंड्स, हाच तो फॉर्म्युला! आपण बॅग भरतो मूडसाठी. पार्टी असली तर हा टॉप, थंडी वाजली तर ते जॅकेट, बोअर झालं तर हे पुस्तक. लाइन बॉक्स भरला जातो तो अडचणीसाठी. कुठल्या वस्तूवाचून मी खरोखर अडकेन, एवढा एकच प्रश्न. त्या दुपारी आम्ही प्रत्येक वस्तू उचलून तोच प्रश्न विचारत बसलो.

पहिला निकाल कपड्यांचा. आठ महिने म्हणजे आठ महिन्यांचे कपडे नव्हेत. आठवड्याचे कपडे घ्यायचे आणि धूत राहायचं. तीन टी-शर्ट, दोन पँट, एक फ्लीस, एक पावसाळी जॅकेट, एक दोरी, एक साबण. जीन्स जड, आणि धुतली की वाळता वाळत नाही. सबब तिन्ही आउट! थंडीचे कपडे कमी करायची खरी युक्ती मात्र बॅगेत नाही, रूटमध्ये आहे. ती जानेवारीत न्यूझीलंडला पोचते, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात. पेरूमधलं कुस्को साधारण ३,४०० मीटर उंचीवर, तिथल्या रात्री गार असतात. तेवढ्यासाठी तो एक फ्लीस पुरे.

दुसरा निकाल शृंगाराचा. नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत एकटी जग फिरून आली, तीही एका हातबॅगेवर. त्या बॅगेत सगळ्यात जास्त जागा खाऊन जीव नकोसा केला तो कोल्ड क्रीमच्या बरणीने, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, बरणी अजून तिथेच आहे. हेअर ड्रायर आउट!

वजन किती असावं, हे आपली पाठ ठरवते. २०१८ मध्ये वेदांगी कुलकर्णी ही आपली विशीतली मराठी मुलगी सायकलवर जगभर फिरली, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर. सोबत मदतीची गाडी नव्हती, सामान सायकललाच. चढावर प्रत्येक जास्तीचा किलो तिच्या पायांना मोजावा लागला असणार. आपल्याला निदान बस आणि विमान आहे. पण स्टेशन ते हॉस्टेलपर्यंत हमाल आपणच!

तिसरा निकाल कागदांचा. हे वजनाला काहीच नाहीत, पण खरे डिटोनेटर हेच. ३६ ऐवजी ६० पानांचा पासपोर्ट मिळतो, लांबच्या प्रवासाला तोच बरा. शेंगेन व्हिसाचा अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, तोही साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच. म्हणून तिने स्पेन पाचव्या महिन्यात बसवलाय. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. दाखला नसेल, तर केनियाहून परतताना आपल्याच देशाच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसावं लागू शकतं. घराच्या उंबरठ्यावर येऊन अडकायचं, विचार करा! औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी, पॉवर बँक केबिन बॅगेतच, दोन कार्डं दोन वेगळ्या जागी. आणि हो, जास्तीचा चष्मा. काकांनी तो स्वतः आणून ठेवला.

उरला काकूंचा ढीग. इथे मात्र कुणाचं काही बोलायचं धाडस होईना. मैत्रिणीने हळूच सांगितलं, की न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. लपवली आणि सापडली, तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. काकू म्हणाल्या, “मग काबरं जाते माय असल्या गावाला?” आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत.

मग मला आठवलं. काका मालगाडीवर असायचे तेव्हा घरी कधी परततील याचा नेम नसायचा. त्या लाइन बॉक्समध्ये झेंड्यांशेजारी पीठ, डाळ आणि ठेच्याची डबी असायची. रनिंग रूमला पोचलं की त्यावर जेवण व्हायचं. ते भरायच्या काकू. कित्येक वर्षं. आणि दर वेळी रिकामी डबी घेऊन काका परत यायचे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी तिकडे उपाशी राहील असं काकूंना वाटत नव्हतंच. त्यांना डबी परत यायला हवी होती.

शेवटी तह झाला. पाव किलो काळा मसाला, स्टीलच्या डबीत. मसाला व्हिएतनाममध्येच संपवायचा आणि डबी सांभाळून घरी आणायची. सॅक चाळीस लिटरची घेतली. सगळं भरून काट्यावर साडेनऊ किलो. काका म्हणाले, “चला, सिग्नल मिळाला.”

तुमचा प्लॅन वर्ल्ड टूरचा असो नाहीतर वीकेंडला दिवेआगरचा, हे एकदा करून बघाच. सॅक सगळ्यात शेवटी विकत घ्या. सामान आधी जमिनीवर मांडा आणि प्रत्येक वस्तूला काकांचा प्रश्न विचारा. घरच्यांनी ठेवलेल्या ढिगातली एक वस्तू मात्र न विचारता घ्या. शक्यतो परत आणता येईल अशी.