परसातली भट्टी

प्रथमच सांगून टाकतो, की मी शेतकीतला तज्ज्ञ नाही. मी बी.कॉम. आहे आणि भोकरदनच्या एका बँकेत काऊंटरमागे बसतो. झाडांशी माझा अधिकृत संबंध म्हणजे पीककर्जाच्या फायली. पण डेबिट कशाला म्हणतात आणि क्रेडिट कशाला, हे मला कळतं. आणि तेवढ्याच भांडवलावर मी आज हे भांडण उकरून काढणार आहे. भांडण परसातल्या ग्रीनहाऊसशी आहे.

पूर्वी माणूस निवृत्त झाला की काशीला जाऊन यायचा. आता आमच्या आळीत प्रॉव्हिडंट फंड हातात पडला, की चार लोखंडी कमानी येतात, त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक चढतं, एक दार बसतं आणि आत ढोबळी मिरची लागते. माघ महिन्यात पाहुण्यांना हाताला धरून ती मिरची दाखवली जाते. मग एप्रिल उजाडतो. पारा चाळिशी ओलांडतो, प्लॅस्टिकच्या आत तो आणखी वर चढतो, आणि मालक डोक्याला टॉवेल गुंडाळून गावभर एकच प्रश्न विचारत फिरतात, ‘‘हे थंड कसं ठेवायचं हो?’’

आमच्या काऊंटरवर एक म्हातारे शेतकरी येतात. त्यांनी परवा हा प्रश्न ऐकला आणि अंगठ्याची शाई पुसत म्हणाले, ‘‘पर सायेब, आधी कोंडलं काहून त्याला?’’ माझ्या मते शेतकी विद्यापीठाच्या एका पदवीइतकं वजन या वाक्यात आहे.

मुळात ही वस्तू कुणाची, ते पाहा. रोमचा बादशहा टायबेरियस याला रोज काकडी लागे. थंडीत काकडी कुठली? म्हणून त्याच्या माळ्यांनी वाफे चाकांवर बसवले. ऊन पडलं की ते बाहेर ढकलायचे, थंडी वाढली की पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली घ्यायचे. हे प्लिनीने लिहून ठेवलेलं आहे. आता गंमत बघा. त्याच सुमारास आमचं भोकरदन ‘भोगवर्धन’ या नावाने भरभराटीला आलेलं व्यापारी गाव होतं. १९७३ साली इथे उत्खनन झालं. इथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं, इटलीतल्या पाँपेईला १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी बरंच साम्य आहे. पाँपेई इ.स. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोचलेली. ती भोकरदनलाच घडली असावी, असंही काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे आम्ही रोमला मूर्ती पाठवली आणि दोन हजार वर्षांनी तिकडून काकडीची पेटी परत आली. खातं जुळलं म्हणायचं, पण तोटा आमच्याच बाजूला!

थंडीत ऊब कोंडून ठेवण्याचं हे यंत्र आहे. ऊन आत शिरतं, माती तापते, मातीने हवा तापते. उघड्यावर ही तापलेली हवा वर निघून जाते. छपराखाली ती अडकते. १९०९ साली अमेरिकेतल्या आर. डब्ल्यू. वुड नावाच्या शास्त्रज्ञाने दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाचं तावदान. सैंधवातून उष्णतेचे किरण सरळ बाहेर पडतात, काच ते अडवते. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. तेव्हा मुख्य आरोपी कोण, तर कोंडलेली हवा. जी गोष्ट वुडसाहेबांना दोन पेट्या मांडून कळली, ती आमच्याकडे लग्नाच्या मांडवात बसलेल्या कुठल्याही वऱ्हाड्याला कळते. मांडवाला वर छप्पर असतं आणि चारी बाजू मोकळ्या असतात. त्याला कुणी प्लॅस्टिकच्या भिंती लावून पाहाव्यात. अक्षता पडायच्या आत नवरदेव पळून जाईल.

टोमॅटोला पळताही येत नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे राहिलं, की त्याचा पराग निकामी होऊ लागतो, फुलं गळतात. ढोबळी मिरची त्याहून नाजूक. मालक समजतात रोग पडला. मग औषध आणतात. उकाड्याच्या दुखण्यावर औषध फवारणं म्हणजे घामावर मलमपट्टी.

आता उपाय पाहू. बँकेतला माणूस असल्यामुळे प्रत्येक उपायापुढे खर्च लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

उपाय पहिला : पंखा आणि पॅड. एका भिंतीला ओलं ठेवलेलं पॅड, समोरच्या भिंतीला पंखे. हा आपला घरातला कूलरच, फक्त मिरचीसाठी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. माठातलं पाणी गार होतं ते याच हिशेबाने. आमच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालतं, पण वीज असेल तर. भर दुपारी वीज गेली की बंद पेटीत पंधरा मिनिटांत काय होतं, ते फुलांना विचारा.

उपाय दुसरा : फॉगर. धुक्यासारखं पाणी उडवणारी नळी. दिसायला महाबळेश्वर. एका तोटीतून ताशी सुमारे सात लिटर पाणी जातं असं धरा. अशा दहा तोट्या सहा तास चालवल्या तर ४२० लिटर होतात, म्हणजे दोन पिंपं भरून वर बादली उरली. इथे मात्र माझा विनोद संपतो. ज्या मराठवाड्याने १९७२ पाहिलं, ज्याच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मागच्या गल्लीत बाया टँकरपुढे घागरी मांडून उभ्या असताना पुढच्या गल्लीत सहा ढोबळ्या मिरच्यांसाठी धुकं पाडायचं, याला मी हौस म्हणणार नाही. याला दुसरा शब्द आहे; तो संपादक छापणार नाहीत.

‘‘मग परदेशात कसं जमतं?’’ हा यांचा हुकमी एक्का. परदेशातच जाऊ या. स्पेनमध्ये आल्मेरिया नावाचा भाग आहे. तिथे मैलोगणती जमीन प्लॅस्टिकखाली आहे. ते लोक उन्हाळ्यात काय करतात? छताला चक्क चुना मारतात! आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक जण घर रिकामंच ठेवतात. ज्यांचा सगळा संसार प्लॅस्टिकवर चालतो तेही उन्हाळ्यात दुकान बंद करतात. आणि आम्ही मात्र मे महिन्यात आत शिरून थर्मामीटर वाचतो.

आपल्याकडे याहून जुनी अक्कल आहे. पानमळा पाहा. विड्याच्या पानाची वेल म्हणजे नाजुकपणाची हद्द. पण मळेकऱ्याने तिच्यावर काच घातली नाही. त्याने शेवरी, शेवगा, पांगारा लावला आणि वेल त्यांच्या अंगावर, सावलीत चढवली. छप्पर स्वतः घाम गाळतं, वारा आत येतो-जातो, विजेचं बिल शून्य.

माझा आंधळा विरोध नाही, हेही नोंदवून ठेवतो. गारपिटीत आच्छादनाने रोपं वाचतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. इथले शेतकरी बीजोत्पादनासाठी जाळीची शेडनेट उभारतात. त्या जाळीतून वारा खेळतो, ऊन निम्मं होतं. तिच्या फायलीवर सही घ्यायला मी धावत जाईन. आणि मिरचीचंच म्हणाल, तर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला येणारी आमची तिखट मिरची उघड्या रानात, ठिबकाच्या पाण्यावर होते. तिला कुणी बंगला बांधलेला नाही.

तेव्हा ग्रीनहाऊस थंड ठेवण्याचा खात्रीचा उपाय असा : होळी झाली की त्याला ग्रीनहाऊस राहू देऊ नका. प्लॅस्टिक काढून गुंडाळून माळ्यावर टाका. कमानींवर जाळी घाला. प्लॅस्टिक काढायचा जीव होत नसेल तर जाळी त्याच्या बाहेरून, मध्ये वीतभर जागा सोडून ताणा. आतून लावलेली जाळी म्हणजे चोर घरात आल्यावर कडी लावणं. तापलेली हवा वर जाते, म्हणून खिडकी वरती हवी, तीही जमिनीच्या निदान पाचव्या हिश्शाएवढी. नाहीतर चुना मारा. पहिल्या पावसात तो धुऊन जाऊ लागतो आणि तेव्हाच उजेड हवा असतो. इतका समजूतदार नोकर दुसरा मिळणार नाही.

आणि शेवटची नोंद. ज्या परसात हे घर उभं असतं, त्याला लागून बहुधा स्वयंपाकघर असतं. पूर्वी त्यावर माळवद होतं. हातभर पांढऱ्या मातीचं छत, आत भर दुपारीही माणूस निजू शकायचा. ते पाडून पत्रे घातले. त्या पत्र्याखाली, मे महिन्यात, दुपारी बारा वाजता एक बाई तव्यापुढे उभी असते. मिरचीच्या घरात दोन थर्मामीटर आहेत. तिच्या घरात एकही नाही. तिथला पारा किती, हे विचारत आजवर कुणी गावभर फिरलेलं मी पाहिलेलं नाही.

अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग द्यायला सुरुवात केली. आपल्याला आराखडा नको; एक गोणी चुना, एक कुंचा आणि मुलगा शिडी धरायला. पहिला हात स्वयंपाकघराच्या पत्र्याला, उरला तर मिरचीला. आणि जाळी विकत घ्यायला हप्ते हवे असतील, तर मी साडेदहापासून काऊंटरवर आहेच. फक्त अर्जावर ‘कारण’ या रकान्यात आधी स्वयंपाकघर लिहा.