आधी ताणा, मग बाणा

अमळनेर हे प्रताप मिलचे गाव. मागाचा साधा नियम इथल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही: बाण्याचा धागा चुकला तर एक ओळ बिघडते, ताण्याचा चुकला तर खोट ताग्याच्या शेवटापर्यंत जाते.

कृष्णविवरांच्या सिम्युलेशनमध्ये इनिशियल डेटा, म्हणजे सुरुवातीच्या क्षणीचे अवकाशाचे पटल, हा ताणा. काळ पुढे सरकवणारा कोड पहिल्या पटलातली खोट दुरुस्त करत नाही. इमानाने पुढे नेतो.

या पटलावर मेट्रिक आणि बाह्यवक्रता मिळून 12 घटक भरायचे. आइन्स्टाइनची 4 बंधन-समीकरणे सुटलीच पाहिजेत; बाकी निवड आपली. बोवेन आणि यॉर्क यांनी 1980 मध्ये सोपी वाट दाखवली: अवकाश कॉन्फॉर्मली सपाट धरा. संवेगाची बंधने कागदावरच सुटतात, संगणकाला एकच समीकरण उरते. अडचण एवढीच, की फिरणाऱ्या केर विवराचे असे सपाट पटल सापडत नाही. मग विवर स्थिरावताना हा फरक खोट्या गुरुत्वीय लहरी होऊन बाहेर पडतो. आपण त्याला ‘जंक’ म्हणून कापून टाकतो.

अशा सपाट पटलावरच्या एकाच विवराचा, म्हणजे ‘पंक्चर’चा, कोनीय संवेग वाढवत नेऊन पाहा. एकूण वस्तुमानही फुगत जाते आणि त्यावरून काढलेला स्पिन (कमाल शक्य स्पिनच्या तुलनेत) 0.928 पाशी अडतो. क्षितिजावर मोजला तर सुरुवातीला 0.98 दिसेल, पण विवर स्थिरावले की 0.93 च्या आसपास उतरेल. हा फरक किरकोळ नाही. 0.93 स्पिनच्या विवरात कमाल घूर्णन ऊर्जेच्या 60 टक्केही ऊर्जा नसते. ही भिंत ओलांडायला लव्हलेस आणि सहकाऱ्यांना सपाटपणा सोडून केर-शिल्ड मेट्रिकांची बेरीज वापरावी लागली; 2011 मध्ये ते 0.97 पर्यंत पोचले. 2023 च्या नोव्हेंबरात टिपलेल्या जीडब्ल्यू231123 या लहरीतली विवरे 0.9 आणि 0.8 च्या आसपास फिरत असावीत, असा अंदाज आहे. म्हणजे प्रश्न केवळ वहीतला राहिलेला नाही.

म्हणून शोधनिबंधांच्या लेखकांना विनंती: कोडला दिलेला स्पिन नको, स्थिरावल्यानंतरचा द्या. सुरुवातीचा किती काळ कापला ते लिहा. बंधनांची त्रुटी निदान तीन ग्रिडवर कशी घटते ते दाखवा.

आणि खानदेशातल्या प्राध्यापकांना एक आग्रह. दोन विवरांची टक्कर चालवायला महासंगणक लागतो; वर सांगितलेला एका पंक्चरचा प्रयोग, निदान स्थिरावण्याआधीपर्यंतचा, विभागातल्या साध्या संगणकावर होतो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्राने 2023 मध्ये मंजुरी दिली. तिथल्या लहरी वाचणारी पिढी आज एम.एस्सी.च्या वर्गात बसली आहे. यंदाच्या प्रकल्पासाठी तिला 0.928 ची भिंत स्वतः गाठू द्या.