ढगात कान खोटं बोलतो

सिम्युलेटरमध्ये मी दहा-बारा वेळा तरी ‘मेलो’ असेन. दर वेळी इन्स्ट्रक्टरने बटण दाबून सगळं थांबवलं, चूक दाखवली आणि आम्ही चहाला गेलो. त्या यंत्राचे माझ्यावर उपकारच आहेत. पण ‘आता सिम्युलेटर इतके हुबेहूब झालेत, खऱ्या ढगाचा सराव कशाला?’ असं कुणी म्हणालं, की मला अरुणाचलमधली एक दुपार आठवते.

जुलै महिना होता. वरच्या एका पोस्टवर पोटदुखीने तळमळणारा जवान होता आणि त्याला आणायला आम्ही चीता हेलिकॉप्टर घेऊन निघालो होतो. दरी अरुंद. चीताला ऑटोपायलट नाही. पुढे ढग उतरताना दिसत होते. ‘अजून एक वळण बघू,’ मी म्हणालो. त्याच वळणावर काच पांढरी झाली.

मला हेलिकॉप्टर अगदी सरळ वाटत होतं. समोरचं यंत्र मात्र ते डावीकडे कललंय असं दाखवत होतं. यंत्राप्रमाणे सरळ केलं, तर सगळं अंग ओरडायला लागलं की आपण उजवीकडे पडतोय! “सर, इन्स्ट्रुमेंट्स पे रहिए,” को-पायलट म्हणाला आणि एका सुरात उंची आणि दिशा वाचू लागला. दरीची दिशा धरून चढत राहिलो. चार मिनिटांनी उजेड दिसला. रिकामेच परतलो.

हे का होतं? कानाच्या आतल्या नलिकांत द्रव असतो. वळताना तो मागे राहतो, म्हणून वळण कळतं. वळण तसंच चालू राहिलं, तर थोड्याच सेकंदांत द्रवही सोबत फिरू लागतो आणि मेंदू म्हणतो, सगळं सरळ आहे. सिम्युलेटरची केबिन कलते, हादरे देते. पण मिनिट-मिनिट तुम्हाला खरोखर वळवत ठेवू शकत नाही. डोळे आणि हात तयार होतात, कान कोराच राहतो.

अमेरिकेत १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली. सरासरी १७८ सेकंदांत विमान हाताबाहेर गेलं. पण हा फक्त नवशिक्यांचा रोग नाही. ८ डिसेंबर २०२१ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं, तेव्हा वैमानिक अनुभवी होते. दरीतलं हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असंच चौकशीत निघालं.

म्हणून माझं मत असं: सिम्युलेटरचे तास हवेतच, पण सोबत अनुभवी माणूस बसवून खऱ्या ढगातले तासही तरुणांना द्या. आणि सिम्युलेटरमध्ये ढगातून बाहेर पडण्याला जसे मार्क देतो, तसेच ढगाआधी मागे वळण्यालाही द्या. मी त्या वळणाआधी फिरलो नाही, कारण वर जवान वाट बघत होता. आजवरच्या सरावात परत फिरल्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं आणि त्याला खाली आणलं. अपेंडिक्स होतं. वाचला. आदल्या दिवशी आम्ही डोंगरावर आदळलो असतो, तर त्याला आणायला सकाळी कोण गेलं असतं?