बियाण्याच्या रांगेतली ओळख
परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. त्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने तिथे खरीप शेतकरी मेळावा भरतो आणि सोयाबीन-तुरीच्या बियाण्यासाठी रांग लागते. अशा रांगेत पाथरीकडचा शेतकरी जिंतूरकडच्याला सांगतो, "भाऊ, पेरायच्या आधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० च्या वर उगवले तरच पेरा." ऐकणारा लगेच मोबाइल काढून नंबर घेतो. कामातली ओळख अशी काहीतरी देण्यातून सुरू झाली तर टिकते. नुसते नंबर गोळा करणाऱ्याच्या हाकेला अडीअडचणीत कुणी धावून येत नाही. पण ओळखीचं नातं व्हायचं असेल, तर पुढे पावसानं दडी मारली की काही काम नसतानाही "तुमच्याकडं पडला का?" एवढं विचारायला फोन जायला हवा. अशा फोनांमधूनच माणसं एकमेकांच्या लेकीबाळींच्या लग्नापर्यंत पोचतात. तुम्ही शेतकरी असा, व्यापारी असा की शिक्षक, मेळाव्यात, बैठकीत घेतलेल्या नंबरांपैकी निदान दोघांना या आठवड्यात सहज फोन करा आणि आधी त्यांची ख्यालीखुशाली विचारा.