समुद्रकिनारी तरी स्वयंपाक नको

दिवाळीच्या सुट्टीत मुरूडला जायचं ठरलं आणि त्याच रात्री धंतोलीतल्या आमच्या घरी सामानाची यादी सुरू झाली. पहिल्या ओळीत कपडे नव्हते, अम्मींची औषधंही नव्हती. माझ्या नवऱ्याने लिहिलं: इंडक्शन शेगडी. रेल्वेत गॅस नेता येत नाही, म्हणून इंडक्शन. त्याखाली कुकर, तवा, मसाल्याचा डबा, आटा. दीर म्हणाले, "किचनवाला कमरा देखो, खाने का झंझट नहीं रहेगा." झंझट नेमकं कुणाचं राहणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मी आणि जाऊबाईंनी एकमेकींकडे पाहिलं.

आम्ही आठ माणसं. तीन दिवस, दोन वेळचं जेवण, सकाळचा नाश्ता, वर मुलांचं अधूनमधून काहीतरी. म्हणजे नागपुरात जे करतो तेच, फक्त खिडकीतून समुद्र दिसणार. तोही खिडकी त्या बाजूला असली तर.

मुरूड का निवडलं, तेही सांगते. आधी दुसऱ्या एका गावी फोन केला होता. नाव सांगितलं आणि खोली शिल्लक नसल्याचं कळलं. शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंनी दहा मिनिटांनी फोन केला तर खोली होती. त्याविषयी वेगळं लिहीन, आज नाही. पण त्यानंतर घरात 'आपली माणसं असतील तिथेच जाऊ' असं झालं. मुरूडला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, आणि जंजिऱ्याचं सिद्दी नवाबांचं संस्थान तर १९४८ पर्यंत होतं. (जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, जझीरा म्हणजे बेट. शिक्षिकेला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) मग अशा गावी जाऊनसुद्धा शेगडी कशाला?

उत्तर ठरलेलं: हलाल. माझा आक्षेप हलालला नाही, मीही तितकीच काळजी घेते. पण समुद्रावर निघालेल्या माणसाने थोडा विचार करावा. मासळीला जबीहा लागत नाही. सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत समुद्रातलं अन्न हलाल असल्याचं सांगताना प्रवाशांचा वेगळा उल्लेख आहे. आपण प्रवासीच आहोत आणि समोर समुद्र आहे, याहून सोपं काय असेल? सुरमई, बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. कोंबडीची शंका असेल तर तीन दिवस कोंबडी नको. नागपुरात वर्षभर तीच खातो.

अम्मींनी कोळंबीचा मुद्दा काढला, आणि तो खरा आहे. आम्ही हनफी. आमच्याकडे समुद्रातली फक्त मासळी चालते, आणि कोळंबी मासळीत मोडते की नाही यावर उलेमांचे मतभेद आहेत. खेकडा तर नाहीच. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांना कोळंबी चालते. म्हणजे तिथल्या दस्तरख्वानावर कोळंबी येऊ शकते. त्यावर इलाज म्हणजे फोनवर आधी सांगणं. त्यासाठी नागपूरहून कुकर न्यावा लागत नाही.

मला खरं बोचतं ते वेगळंच. सफरीत अल्लाहने सवलत दिली आहे. जुहर, असर आणि इशाची चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते, तिला कसर म्हणतात. रमजानचा रोजासुद्धा प्रवासात सोडून नंतर ठेवता येतो. फर्ज इबादतीत सवलत आहे आणि बाईच्या स्वयंपाकात नाही, हे कुठल्या किताबात लिहिलंय? ही सवलत आपण पुरुषांनी आणि सासवांनी (होय, बायकांनीसुद्धा) मिळून रद्द केली आहे.

खर्चाचं म्हणाल तर मी हिशेब केला. कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय देणारी घरं आहेत. आठ जणांचं जेवण स्वस्त पडत नाही, कबूल. मी एक दिवस कमी केला. तीन दिवस रांधण्यापेक्षा दोन दिवस बसून खाल्लेलं बरं. तिथेही एखादी बाईच चुलीपुढे असणार, हे मला ठाऊक आहे. पण तिला त्या कामाचे पैसे मिळतात.

काळजी करायचीच असेल तर पाण्याची करा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. आम्ही विदर्भातली माणसं, तलाव आणि नदी पाहिलेली. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हाजी अलीला, तोही काठावरून. भरती-ओहोटी आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातली माहीत. म्हणून यादीत मी लिहिलंय: रोजची भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारणे, गुडघ्याच्या वर पाण्यात न जाणे, मुलांसोबत एक मोठं माणूस सतत. हे काम दीर आणि नवऱ्याकडे दिलंय. दोघांना ते नाश्त्याइतकं महत्त्वाचं वाटलं नाही, पण घेतलं.

तिकिटं झाली आहेत. रात्रीच्या गाडीने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड. यादीतली इंडक्शन शेगडी मी खोडली होती. काल पाहिलं तर कुणीतरी ती पुन्हा लिहिली आहे. अक्षर अम्मींचं आहे. मी परत खोडली, आणि त्या जागी त्यांच्यासाठी चपलांचा एक जास्तीचा जोड लिहिला. वाळूत लागेल.