नकाशात न उमटलेले घर

सदर : गृहांगण



गेल्या वर्षी आमच्या कुटुंबाने नव्या सदनिकेत राहावयास जाण्याचे ठरविले, तेव्हा पुतण्याने संगणकावर घराचा संपूर्ण आराखडा तयार केला. भिंती ओढल्या, दारे-खिडक्या बसविल्या, पलंग आणि कपाटे मांडली. एक कळ दाबताच सारे घर पडद्यावर उभे राहिले. पेढी बंद करून दोघे भाऊ लवकर घरी आले होते. सासूबाईंनाही त्यांच्या चाकांच्या खुर्चीतून आणून पडद्यासमोर बसविले. बराच वेळ पाहून त्यांनी एवढेच विचारले, "यात मी सामायिकाला कुठे बसायचे?" पुतण्याने हसत खिडकीजवळचा एक कोपरा दाखविला आणि विषय तेथेच संपला.

ताबा मिळाला, फर्निचर झाले, आम्ही राहावयास गेलो. पहिल्याच सकाळी कळले की, न्हाणीघराच्या दारातून सासूबाईंची खुर्ची आत जात नाही. चौकट बसल्यावर मोकळी जागा पंचवीस इंच उरली होती आणि खुर्ची सव्वीस इंचांची होती. एका इंचाने घर अडविले! चौकट फोडून नवे दार बसेपर्यंत नऊ दिवस गेले. ज्या बाईंनी आयुष्यभर स्वतःचा पाण्याचा पेला स्वतः उचलून घेतला, त्यांना त्या दिवसांत दोघांनी उचलून न्यावे लागे. त्यांनी दुपारनंतर पाणी घेणेच सोडले. आम्हाला वाटले, आईंनी तप वाढविले. खरे कारण थोरल्या जाऊबाईंच्या ध्यानात आले, तेव्हा घरातील कोणालाच कोणाकडे पाहवेना.

संगणकाचा यात दोष नव्हता. त्याला जे सांगितले, ते त्याने चोख काढले. तथापि त्या दिवसापासून एक प्रश्न मनात राहिला : घराची आखणी करणाऱ्या या प्रणालींनी आणखी काय काय करावे, अशी आपण अपेक्षा ठेवावी?

या प्रणालींचा इतिहास फार जुना नाही. 1982 मध्ये ऑटोकॅड आले ते प्रामुख्याने अभियंत्यांसाठी. 2000 साली आलेल्या स्केचअपने त्रिमिती रेखाटन पुष्कळ सोपे केले. स्वीट होम थ्रीडी ही प्रणाली तर विनामूल्य मिळते. जगभरचे वापरकर्ते निर्मात्यांकडे मागण्या करीतच असतात : जिने सहज काढता यावेत, छताचे अधिक प्रकार हवेत, प्रकाश खराखुरा दिसावा, फर्निचरचा संग्रह वाढावा. या मागण्या योग्यच आहेत. पण श्रावकाच्या घराची मागणी थोडी निराळी आहे.

पहिली मागणी माणसांची. आराखडा काढण्यापूर्वी प्रणालीने विचारावे, या घरात कोण राहणार आहे? वय काय, उंची काय, काठी लागते की चाकांची खुर्ची? खुर्ची वळविण्यास सुमारे पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. ती मिळत नसेल, दार अरुंद असेल, तर तेथे लाल खूण उमटावी. ओट्याचेही तसेच. परदेशी संग्रहांतील ओटा बहुधा छत्तीस इंच उंचीचा असतो. पाच फूट उंचीच्या सुनेने त्यावर तीस वर्षे पोळ्या लाटल्या, तर तिच्या खांद्यांचे काय होईल, हे चित्रात दिसत नाही. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची उंची विचारून ओट्याची उंची सुचविणे प्रणालीला मुळीच अवघड नाही.

दुसरी मागणी प्रकाशाची. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावयाचे असते. पुण्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. गावाचे स्थान आणि उत्तर दिशा सांगितली, तर आजच्या काही प्रणाली अमुक दिवशी अमुक वाजता ऊन कोठे पडेल ते दाखवितात. परंतु समोरचा बारा मजली मनोरा आपण स्वतः काढून दाखविल्याखेरीज त्याची सावली आपल्या चित्रात पडत नाही. मग पडद्यावर लख्ख दिसणारे स्वयंपाकघर प्रत्यक्षात साडेचारलाच अंधारते. सूर्य मावळला नसला, तरी ताटातील अन्न निरखून पाहण्याइतका उजेड नसेल, तर चौविहाराचा हेतू पुरा सफल होत नाही. म्हणून शेजारच्या इमारतींसह हिशेब करून, जेवणाच्या जागी बारा महिन्यांत किती वाजेपर्यंत नैसर्गिक उजेड राहील, याचा एक साधा तक्ता प्रणालीने द्यावा.

तिसरी मागणी पाण्याची. तयार संग्रहात ओव्हन असतो, मद्याचा कट्टाही असतो. पण गाळण्याचे ओले कापड कोठे वाळवावे, उकळलेल्या पाण्याची दोन-तीन भांडी शेगडीपासून दूर, झाकून, मुलांच्या हातापासून सुरक्षित कोठे निववावीत, याचा विचार नसतो. पाट, चौरंग, घरगुती चक्की, धान्य निवडण्याची उजेडाची जागा यांनाही संग्रहात स्थान नाही. जमिनीचा उतार हीदेखील अशीच बाब. आराखड्यात गच्ची नि न्हाणीघर सपाट दिसतात. प्रत्यक्षात फुटाला सूत-दोन सूत उतार नसेल, तर पाणी साचते, शेवाळ धरते, जीवोत्पत्ती होते. आणि मग रोज तेथे पाऊल टाकताना किंवा खराटा चालविताना विराधना घडते. उतार मोरीच्या दिशेने नसल्याचे संगणकाने आधीच सांगितले, तर ते जीवदयेचेच काम होईल.

चौथी मागणी आपल्या व्यापारी मंडळींना चटकन पटेल. मालाचा हिशेब खरा असावा. दहा बाय बाराची खोली आणि दोन बाय दोनची फरशी : कागदावर तीस फरश्या पुरतात. पण दोन फुटी म्हणून विकली जाणारी फरशी प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना सुमारे तीन सूत कमी असते. परिणामी खोलीच्या दोन कडांना जवळपास दोन-दोन इंचांची पट्टी उघडी राहते आणि ती भरण्यास आणखी दोन फरश्या कापाव्या लागतात. तुटफूट धरून चार-चारची नऊ खोकी आणावी लागतात. खोलीचा नकाशा काढतानाच प्रणालीने हे सांगावे. शिवाय मापे सुताराला वाचता येतील अशी फूट, इंच आणि सुतांत द्यावीत. क्षेत्रफळही 2016 च्या स्थावर संपदा कायद्यातील चटई क्षेत्राच्या व्याख्येनुसार मोजून द्यावे. त्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. करारातील आकडा आणि घरातील जागा यांचा मेळ ग्राहकाला घरबसल्या घालता येईल.

शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या प्रणालींचा स्वभावच वाढविण्याचा आहे. संग्रहातील वस्तू बोटाने ओढली की घरात येते. तिला वजन नाही, किंमत नाही, धूळ नाही. पुतण्याच्या पहिल्या आराखड्यात चार जणांच्या घराला सात कपाटे होती! आपल्या शास्त्रकारांनी परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांनाच प्रथम स्थान दिले आहे. माणसाचा मोह येथूनच सुरू होतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून आखणीच्या आरंभीच कुटुंबाने आपली मर्यादा लिहावी : इतका खर्च, इतकी कपाटे, इतकी मोकळी जागा. मर्यादा ओलांडताच संगणकाने नम्रपणे थांबवावे. पेढीवर आपण उधारीची मर्यादा पाळतो. घराच्या खतावणीत ती का नसावी?

या सर्व सोयी येतील तेव्हा येतील. स्वीट होम थ्रीडीसारख्या प्रणालीची संहिता सर्वांना खुली आहे. जाणकाराला तीत भर घालता येते. आपल्या घरोघरी संगणकशास्त्र शिकणारी मुले-मुली आहेत, त्यांनी हे काम अवश्य मनावर घ्यावे. तोवर आपल्या हाती एक साधा उपाय आहे. आराखडा अंतिम करण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीला शेजारी बसवून सकाळपासून रात्रीपर्यंतचा त्यांचा दिवस त्या नकाशात चालून पाहावा : कोठे उठतील, कोठे हात धुतील, नवकारशीचे पाणी कोणत्या हाताने घेतील. मोजपट्टी खिशात असावीच, आणि दाराचे माप चौकट धरून घ्यावे.

आमच्या न्हाणीघराचे दार आता चौतीस इंचांचे आहे. सासूबाईंनी पुन्हा दुपारनंतरही, सूर्यास्तापूर्वी पाणी घेण्यास आरंभ केला आहे. खिडकीजवळच्या त्या कोपऱ्यात दुपारी ऊन फार येते असे दिसून आल्यावर त्यांचे सामायिकाचे आसन आम्ही पूर्वेच्या भिंतीशी हलविले. या खेपेस मात्र आधी त्यांना विचारले.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.