पाच खेपांची सुई

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे नोंदविले. सालेकसा तालुक्यात गरोदर मजूर स्त्री धानाच्या रोवणीला चिखलात दिवसभर वाकून उभी असते. अशा स्त्रीला बाळंतपणातील थोडा अधिक रक्तस्रावही जिवावर बेततो.

लोहाच्या गोळ्या हा पहिला उपाय, यात वाद नाही. परंतु त्या सोसत नसतील किंवा दिवस भरत आल्यावर रक्तक्षय उघडकीस आला असेल, तर लोह शिरेवाटे द्यावे लागते. 'अॅनिमियामुक्त भारत' (२०१८) योजनेत ही तरतूद आहेच. प्रश्न आहे तो कोणते औषध आणि कोठे, हा.

आयर्न सुक्रोज एका वेळी सहसा २०० मिलिग्रॅमच देतात. हजार मिलिग्रॅमसाठी पाच खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हजारापर्यंत एकाच बैठकीत, सुमारे पंधरा मिनिटांत देता येते. पहिले स्वस्त, असे खरेदीचे कागद सांगतील. पण पाच दिवसांची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे कोणत्या कागदावर लिहिले जाते? दोन खेपांनंतर बाई आलीच नाही, की तिलाच 'अज्ञानी' ठरविण्याची सोय मात्र आहे!

तथापि एका बैठकीत होते म्हणून ही सुई कोठेही टोचून घ्यावी, असे नव्हे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती वर्ज्य. मात्रा वजन व हिमोग्लोबिन पाहून ठरते. क्वचित तीव्र अॅलर्जी उद्भवते. म्हणून डॉक्टर हजर हवा, अॅड्रिनलिन हाताशी हवे आणि नंतर अर्धा तास देखरेख हवी. हिमोग्लोबिन पाचाखाली असेल तर रुग्णालयात दाखल करून रक्तच द्यावे लागते.

विदर्भात आणखी एक सावधगिरी अटळ आहे. सिकलसेलमध्येही रक्त कमी दिसते; पण वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. तेथे आणखी लोह म्हणजे अपायच. म्हणून आधी सिकलसेलची आणि तो आढळल्यास फेरिटिनची तपासणी व्हावी. सिकलसेल आहे एवढ्यावरून लोह नाकारणेही तितकेच चूक, कारण अशा स्त्रीतही लोहाची उणीव असू शकते.

या तपासण्या आणि हे एका खेपेचे औषध सालेकशातच मिळाले पाहिजे. त्यासाठी गोंदियाची सुमारे ४० किलोमीटरची वाट दाखविणे आम्हांस मान्य नाही. रोवणीपूर्वीच्या ग्रामसभांत कार्यकर्त्यांनी आशा सेविकांना बरोबर घेऊन हा ठराव मांडावा आणि औषधसाठ्याची नोंदवही पाहण्यास मागावी.